पोरांना एक दिवस आपल्या ऑफिसात न्यायचंय? एका बँकवालीचा सल्ला

सुट्टी लागली की घरोघरी एकच धोशा, "आई मी पण येऊ का तुझ्या ऑफिसला?" आणि आपलं उत्तर पण ठरलेलं, "तिथे काय आहे बघण्यासारखं, गप घरी बस." आता खरं सांगायचं तर बघण्यासारखं भरपूर असतं, पण काय दाखवायचं हे आपण आधी ठरवलेलंच नसतं, मग पोरगं अर्धा तास फिरत्या खुर्चीवर गरगर फिरतं, अर्धा तास मोबाईल मागतं आणि त्यानंतर "घरी कधी जायचं" चालू. मी सरकारी बँकेत आहे, तालुक्याच्या गावातली शाखा, स्टाफ मोजका, त्यामुळे मे महिन्यात आणि दिवाळीत कुणाचं ना कुणाचं पोर शाखेत असतंच, माझी चौथीतली लेकही येते. काय चालतं आणि कशाने वाट लागते ते बघून बघून कळलंय. उदाहरणं बँकेचीच देते कारण मला तेच माहितीये, तुम्ही आपापल्या ऑफिसला लावून बघा.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की आपलं काम पोराला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पूर्वी आजोबा गिरणीत, नाहीतर सुताराकडे, काम म्हणजे काय ते लांबून बघून पण कळायचं. आता आपण काय करतो? पोराच्या बाजूने बघा, आई सकाळपासून टीव्हीसमोर बसलीये आणि चॅनेल काही बदलत नाहीये. म्हणून आदल्या रात्री दहा मिनिटं बसा आणि आपल्या कामातल्या अशा चार-पाच गोष्टी काढा ज्या हातात धरता येतात, ज्यांचा आवाज येतो, नाहीतर ज्या एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात. ऑफिस कितीही कंटाळवाणं असलं तरी चार गोष्टी निघतात. फाईल कुठून येते आणि सही होऊन कुठे जाते एवढं एक जरी नीट दाखवलं तरी पोराला ऑफिस कळतं.

वयाचं म्हणाल तर माझ्या मते सात-आठ ते बारा हे सोनं. पाच वर्षांखालच्यांना नेणं म्हणजे आपण सुट्टी टाकल्यासारखंच आहे, काम शून्य. आणि नववी-दहावीच्या पोरांना ओढून नेऊ नका, त्यांना आधी विचारा, "चल बघायचंय का, माझ्याकडे नाही, आमच्या लोन ऑफिसरकडे दोन तास बस", ते जास्त चालतं, कारण त्या वयात आईबापाचं काम सोडून बाकी सगळ्यांचं काम इंटरेस्टिंग वाटतं.

तारीख ठरवणं, यात सगळे फसतात

अमेरिकेत यासाठी चक्क एक दिवस नेमलेलाय, एप्रिलमधला चौथा गुरुवार. १९९३ साली तो फक्त मुलींसाठी सुरू झाला, मुलींनी बायकांना ऑफिसात काम करताना बघावं म्हणून, २००३ पासून मुलगेही त्यात आले. इकडच्या काही मोठ्या कंपन्या पण असले दिवस करतात, फुगे, केक, फेस पेंटिंग वगैरे, मजा येते पण त्या दिवशी कुणी काम करत नसल्यामुळे पोरांना ऑफिस म्हणजे बर्थडे हॉल वाटतो. आपल्याला साधा कामाचाच दिवस पाहिजे, फक्त त्यातला शांत.

बँकेपुरतं सांगायचं तर महिन्याची पहिली तारीख ते दहा तारीख विसरा, पेन्शन आणि पगार असतो. सोमवार नाही, सलग सुट्ट्यांनंतरचा दिवस तर मुळीच नाही, गावच्या आठवडी बाजाराचा दिवस नाही. लाडकी बहीणचा हप्ता जमा झाल्याची बातमी आली की दोन-तीन दिवस पासबुकाच्या लायनीत उभं राहायला जागा नसते, तेव्हा नाही. मार्चएंड नाही हे सांगायला नकोच. आता गंमत अशी की शाळेला मेमध्ये सुट्टी आणि आमच्याकडे त्याच वेळी खरिपाच्या पीककर्जाची झुंबड, दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात गेली तर पेन्शनर लोकांचे हयातीचे दाखले. मग उरतं काय, तर पंधरा ते पंचवीस तारखेमधला बुधवार नाहीतर गुरुवार. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंदच असते हे बऱ्याच पालकांना माहिती असतं, पण बाकीच्या शनिवारी गर्दी कमी असेल असं वाटून लोक पोराला आणतात आणि मग तेच सोमवारसारखं होतं. तुमच्या ऑफिसचा असा शांत दिवस कुठला ते तुम्हालाच माहिती, पण ऑडिट आहे का, वरचे साहेब व्हिजिटला येणारेत का, हे विचारून घ्या.

साहेबांना चार-पाच दिवस आधी विचारायचं, समोर जाऊन विचारायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्या मुलीला आणू का सर" असं रात्री साडेनऊला टाकायचं नाही. विचारताना वेळ सांगा, कुठे बसवणार ते सांगा, आणि मध्येच घरी कोण नेणार ते सांगा, एवढं सांगितलं की शक्यतो नाही म्हणत नाहीत. आणि शेजारच्या टेबलवाल्यांना पण विचारा हो, ते लोक विसरतात! साहेब केबिनमध्ये असतात, "मावशी हे काय आहे, मावशी हे का आहे" हे ऐकायचं शेजारच्या मॅडमना असतं.

अर्धा दिवस पुरे. हे माझं ठाम मत आहे. सकाळी आपल्याबरोबर आणायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं आणि अडीच-तीनला आजोबांनी नाहीतर बाबांनी येऊन घेऊन जायचं. दुपारनंतर पोरं पेंगतात, आपली कामं साचलेली असतात आणि आपण उगाच त्यांच्यावर खेकसतो, सगळा दिवस चांगला गेलेला असून शेवटचा तासच लक्षात राहतो.

येणं-जाणं आणि पिशवी

जमलं तर आपण रोज जसे जातो तसंच न्या, त्या दिवशी खास रिक्षा-बिक्षा नको. आईला रोज एसटीत उभं राहावं लागतं हे कळू दे की. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना एसटीत अर्धं तिकीट असतंच आणि बायकांनाही १७ मार्च २०२३ पासून अर्धं, म्हणजे मायलेकी मिळून एकाच फुल तिकिटाच्या पैशात जातात, कंडक्टरकडून तिकीट लेकीलाच घेऊ द्या. मुंबईत लोकलने नेणार असाल तर पाच ते बारा वयाला तिथेही अर्धं तिकीट लागतं, पण पीक अवरला चढवू नका, साडेदहाच्या पुढची गाडी धरायची परवानगी साहेबांकडून आधीच काढून ठेवा. स्कूटरवर नेत असाल तर पोराला हेल्मेट, चार वर्षांपुढच्याला ते सक्तीचंच आहे.

पिशवीत काय, तर पाण्याची बाटली, चित्राची वही, पेन्सिली, एखादं गोष्टीचं पुस्तक, एसी असेल तर स्वेटर. खाऊ कोरडा, चिवडा लाडू सफरचंद असला. हाताला तेल-मसाला लागणारं काही नको, तेच हात मग कुणाच्या तरी कागदांना लागतात. स्लाईम, चेंडू, आवाज करणारं खेळणं घरीच. मोबाईल द्यावा की नाही यावर मी भांडणार नाही, पण दिलाच तर शेवटच्या तासाला द्या, सकाळी दिला तर बाकी सगळं बाराच्या भावात गेलं म्हणून समजा.

पोचल्या पोचल्या पहिलं काम संडास-बाथरूम कुठे आहे ते दाखवणं. छोट्या शाखांमध्ये बायकांचं टॉयलेट कुलपात असतं, किल्ली कुणाकडे असते ते पोराला माहिती पाहिजे, नाहीतर नेमकं काउंटरवर गर्दी असताना कानात कुजबुज होते.

दुसरं काम ओळख करून देणं, आणि ती सगळ्यांशी, साहेबांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत. "हे आमचे शिपाई" अशी ओळख करून देऊ नका, "हे अमुक काका, यांना शाखेतला कुठला कागद कुठे आहे ते सगळं माहिती असतं" अशी करून द्या. आमच्याकडे पोरांना सगळ्यात जास्त आकर्षण कुणाचं असतं माहितीये? मॅनेजरचं नाही, गनमॅन काकांचं! ते फौजेतून रिटायर झालेले, मिशा भरघोस. माझ्या लेकीने पहिलाच प्रश्न टाकला, "बंदूक खरी आहे?" काका म्हणाले, "खरी आहे, म्हणून तर मी तिच्यापासून लांब उभं राहायला सांगतोय, दोन पावलं मागे हो बाळ." मग ती मागे झाली आणि तिथूनच त्यांना सियाचीनला किती थंडी असते ते विचारत बसली, काकांचा पण वेळ मजेत गेला.

जे करायचं नाही ते नाहीच

कॅश केबिनमध्ये पोर न्यायचं नाही. कॅशियर कितीही लाडाने "ये गं इकडे" म्हणू दे, नाही. कारण सोपं आहे, संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही, पाचशे कमी आले, तर कॅशियर बिचारी काही बोलणार नाही पण सगळ्यांच्या डोक्यात एकदा तरी येऊन जाणार की आज आत पोर होतं. कशाला तो डाग? नोटा मोजायचं मशीन काचेबाहेरून पण दिसतं. स्ट्राँगरूम तर लांबूनच, तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि एकट्याला ती उघडता येत नाही, एवढं नुसतं सांगितलं तरी पोरं खूश होतात.

कॉम्प्युटरला हात नाही. जागेवरून उठताना विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक, ही सवय तशी रोजचीच पाहिजे पण त्या दिवशी जास्त. आपल्या लॉगिनमध्ये पोराने एंटर दाबलं तर जबाबदारी आपली, "चुकून झालं" असं कुठल्या चौकशीत चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकांची माहिती. गावातली शाखा म्हणजे येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी काका. पोराच्या कानावर बॅलन्स पडतो, कुणाचं कर्ज थकलंय ते पडतं आणि संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात "तुझ्या पप्पांचा चेक परत आला" असं जाहीर होतं. म्हणून पोराला काउंटरच्या तोंडाशी बसवू नका, मागच्या टेबलावर बसवा, आणि घरून निघतानाच सांगा की बँकेत कुणाचे किती पैसे हे आई बाबांना पण सांगत नाही, तू पण सांगायचं नाही. मुलांना गुपित सांभाळायला आवडतं, फक्त तसं सांगावं लागतं. फोटो आणि रीलचंही तेच, मागे स्क्रीन, कॅश नाहीतर एखादा कस्टमर दिसत असेल तर काढूच नका. बाहेर बोर्डाखाली एक फोटो काढा, बास झालं.

मग करायला द्यायचं काय

इथे खरी मजा आहे. खोटंखोटं काम पोरांना लगेच ओळखू येतं, पण ऑफिसचे खरे कागद, व्हाउचर वगैरे तर हातात द्यायचे नाहीत. मधला मार्ग म्हणजे कोऱ्या स्लिपा. पैसे भरायची एक स्लिप द्या आणि स्वतःच्या नावाने भरायला लावा. तारीख, नाव, खाते नंबर इथपर्यंत गाडी भरधाव जाते आणि "अक्षरी रुपये" वर येऊन थांबते. माझ्या लेकीला मी ७८९ रुपये लिहायला सांगितले. सातशे झालं, मग पेन थांबलं, बोटांवर काहीतरी मोजलं, इंग्रजी मीडियम ना, मग हळूच "सेव्हंटी नाइन म्हणजे एकोणऐंशी, मग एटी नाइन म्हणजे एकोणनव्वद?" असं विचारलं. बरोबर होतं. समोर उभ्या असलेल्या एका आजोबांनी स्वतःची स्लिप तिच्यापुढे केली, "पोरी माझं पण लिही, मला चष्म्यातून दिसत नाही." रक्कम तिने लिहिली, मी तपासली, आजोबांनी सही केली. आपण दिवसभर लोकांना हेच करून देतो, ते तिला तेव्हा कळलं. (आजोबा आमच्या ओळखीचे होते म्हणून हे चाललं, अनोळखी कस्टमरची स्लिप पोराला लिहू देऊ नका.)

दुसरं, नोटा. आपल्याच पर्समधल्या नोटा द्या आणि शोधायला लावा. दहाच्या मागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक, वीसच्या मागे आपलं वेरूळ, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. मागच्या बाजूला डावीकडे पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते, त्यात मराठी कितव्या नंबरला ते शोधायला सांगा (आठव्या, पण सांगू नका). मग डोळे मिटून नोटेच्या कडेच्या उंचावलेल्या तिरक्या रेघा चाचपायच्या, पाचशेवर पाच, शंभरवर चार, दोनशेवर चार आणि मध्ये दोन गोल, ज्यांना दिसत नाही त्यांना नोट ओळखता यावी म्हणून त्या असतात. नोट कोरी असली तर रेघा पटकन लागतात, जुन्या नोटेवर झिजलेल्या असतात. आमच्या शाखेत दोन पोरं एकदम आली तर यातच आरामात तास जातो, आणि स्टाफमधले मोठे लोक पण येऊन आपापलं पाकीट उघडतात.

हिशोबाची आवड असेल तर बंडलाचं गणित घाला. शंभर नोटांचं एक पॅकेट, दहा पॅकेटांचा एक बंडल, मग पाचशेच्या नोटांचा बंडल कितीचा? पाच लाखांचा. वीसच्या नोटांचा? चेक कसा जातो ते सांगा, पूर्वी चेकचा कागद क्लिअरिंगला, म्हणजे ज्या बँकेचा चेक तिच्याकडून पैसे वळते करून घ्यायला, जायचा, आता कागद इथेच राहतो आणि त्याचा स्कॅन जातो, ऑक्टोबर २०२५ पासून तर ठरावीक वेळी गठ्ठ्याने पाठवायची बॅच-बिच नाही, दिवसभर चालूच असतं. पासबुक प्रिंटिंगच्या मशीनवर स्वतःचं पासबुक छापून घेणं हा पण हिट प्रकार, तो कर्रकर्र आवाज पोरांना फार आवडतो, आम्हाला मात्र आता ऐकवत नाही.

खातं नसेल तर त्याच दिवशी काढा की. कागदपत्रं आदल्या दिवशी विचारून घ्या, जन्माचा दाखला, आधार, फोटो एवढं साधारण लागतं. आई पालक म्हणून राहू शकते, बाबाच पाहिजेत असं काही नाही. आणि पोर दहा वर्षांचं झालं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमाप्रमाणे ते स्वतःच्या सहीने स्वतः खातं चालवू शकतं, किती रकमेपर्यंत ते प्रत्येक बँक आपापलं ठरवते. पोराने सही ठरवायला अर्धा दिवस घेतला तर घेऊ द्या.

प्रश्न विचारतीलच. "हे सगळे पैसे तुझे?" "मग आपण एवढे पैसे असून गाडी का नाही घेत?" "साहेब तुला ओरडतात का?" थापा मारू नका. मी सांगितलं की लोक पैसे ठेवतात त्यावर आम्ही कमी व्याज देतो, तेच पैसे कुणाला तरी ट्रॅक्टर घ्यायला देतो त्यावर जास्त व्याज घेतो, मधला फरक उरतो त्यातून बँक चालते आणि माझा पगार पण त्यातूनच. ओरडतात का, तर हो, कधी कधी, आणि कस्टमर पण ओरडतात. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण काउंटरवर कुणी आईवर आवाज चढवला की पोरं घाबरतात नाहीतर रडायला लागतात. तेव्हा शेजारच्या मॅडमनी पोराला चहाच्या निमित्ताने आत न्यायचं असं मी आधीच ठरवून ठेवते.

जेवण मात्र सगळ्यांबरोबर. डबा जरा जास्त न्या, दोन पोळ्या आणि भाजी एक्स्ट्रा, कारण पोर स्वतःचा डबा सोडून इतरांचंच खातं. घरी दोडक्याला नाकं मुरडणारी लेक तिथे दुसऱ्याच्या डब्यातला दोडका चाटूनपुसून खाते, आता बोला.

बाकीच्या ऑफिसवाल्यांसाठी थोडक्यात. आयटीवाल्यांनी व्हिजिटर पास आधी काढावा, गेटवर पोराला उन्हात उभं करू नका. कारखान्यात शॉपफ्लोअरवर अजिबात नाही, कंपनीने फॅमिली डे ठेवला तरच, तोही पायात बूट घालून. हॉस्पिटलवाल्यांनी वॉर्डाऐवजी रजिस्ट्रेशन, किचन, लॉन्ड्री दाखवावी, तिथे पण खूप काही असतं. दुकानदार आणि शेतकऱ्यांची पोरं तर रोजच कामावर असतात, त्यांना मी काय सांगणार.

आणि नाइलाजाने न्यायची वेळ, म्हणजे सांभाळणाऱ्या बाई आल्याच नाहीत, सासूबाई गावाला, तर तो दिवस वेगळा धरा. त्या दिवशी दाखवणं-बिखवणं काही नाही, साहेबांना सरळ खरं सांगायचं, वही-पुस्तक, मोबाईल, जे लागेल ते द्यायचं आणि कसंतरी निभवायचं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी असा कायदा आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा पण आहे, तुमचं ऑफिस मोठं असेल तर एचआरला एकदा लेखी विचारून बघा. आमच्यासारख्या दहा टाळक्यांच्या शाखेत रेकॉर्ड रूमबाहेरचं टेबल हेच पाळणाघर.

घरी गेल्यावर लगेच "काय शिकलीस सांग" असं मागे लागू नका, रात्री जेवताना आपोआप सगळं बाहेर येतं, तेही आजीला सांगताना. आणि दुसऱ्या दिवशी डब्यात चार लाडू जास्त न्या. पहिला लाडू शेजारच्या टेबलवाल्या मॅडमना, तोंडभर थँक्यू म्हणून, म्हणजे दिवाळीत परत विचारायला तोंड राहतं.